जुना ट्रक, चढावर अचानक ताकद जाते, चावी बंद करून चालू केली की परत ठीक. टर्बो खरंच गेलाय का?

जुनाट_ट्रक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. ट्रक जुना आहे, सहा सिलेंडर टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), कॉमन रेल (पंप एकाच जाड नळीत म्हणजे रेलमध्ये जोरदार प्रेशरने डिझेल भरतो, तिथून ते सगळ्या नोजलना जातं), २४ व्होल्ट. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), युरिया असलं काही नाही, त्याच्या आधीच्या जमान्यातला. रिकामी गाडी मस्त पळते, सपाट रस्त्याला लोड असला तरी तक्रार नाही. पण लोड भरून लांब चढ लागला आणि पॅडल पूर्ण दाबून खेचत राहिलं की मध्येच एकदम जीव जातो, पिवळी लाईट पेटते, आणि मग काही केल्या १५०० आरपीएमच्या वर जात नाही. साइडला घेऊन चावी बंद करायची, थोडं थांबून परत चालू करायची, की पुढच्या चढापर्यंत काही झालंच नाही असं चालते.

स्कॅनरवर आलेले कोड असे: एसपीएन १५७ एफएमआय १८, एसपीएन १०२ एफएमआय १८, आणि एक एसपीएन १६८ एफएमआय १८. गॅरेजवाल्याने आधी रेल प्रेशर सेन्सर बदलला, मग दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, टाकीकडची लाईन कॉम्प्रेसरने फुंकून बघितली, ती साफ आहे म्हणाला. फरक शून्य. आता म्हणतोय टर्बो गेला, १०२ चा कोड टर्बोचाच आहे. टर्बोचा खर्च करायच्या आधी म्हटलं इथे विचारावं. एअर फिल्टर नवा आहे, सायलेन्सर ठोकून बघितला, आत काही खुळखुळत नाही.

तेलकट_हात

टर्बोच असणार. पाइप काढून शाफ्ट हाताने हलवून बघा, प्ले आहे का, पंखा हाउसिंगला घासलाय का. बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) कमीचा कोड आहे आणि चढावर दम लागतो म्हणजे अजून काय पाहिजे.

डिझेल_नाना

थांब रे बाबा, टर्बोला एवढ्यात फाशी देऊ नका.

कोड म्हणजे काय ते आधी नीट बघ. एसपीएन म्हणजे कुठली गोष्ट मोजली, एफएमआय म्हणजे त्यात काय वावगं दिसलं. १५७ म्हणजे रेलमधलं डिझेलचं प्रेशर, १०२ म्हणजे इनटेकमधलं हवेचं प्रेशर म्हणजे तुमचं बूस्ट, १६८ म्हणजे बॅटरी व्होल्टेज. आणि १८ म्हणजे सेन्सर बरोबर सांगतोय पण आकडा हवा त्यापेक्षा कमी आहे, मध्यम गंभीर. ही ओळ परत वाच, सेन्सर बरोबर सांगतोय. सेन्सरची वायर तुटली असती किंवा शॉर्ट असती तर बहुतेक ३, ४ किंवा ५ आला असता. म्हणजे तुझा जुना रेल सेन्सर बिचारा खरं बोलत होता आणि खरं बोलल्याबद्दल त्यालाच काढलं. कोड आला की त्या नावाचा पार्ट बदलायचा ही पद्धत कॉम्प्युटर गाडीत आल्यापासून चालू आहे आणि पार्ट विकणाऱ्याला ती फार आवडते. कोड पार्टचं नाव सांगत नाही, कॉम्प्युटरला कुठला आकडा पटला नाही एवढंच सांगतो.

आता टर्बोचं. टर्बो फिरतो कशावर? सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम गॅसवर. डिझेल कमी जळलं की गॅस कमी, गॅस कमी की टर्बो ढिला, टर्बो ढिला की बूस्ट कमी. म्हणजे डिझेलच पोचत नसेल तर १०२ चा कोड मागाहून आपोआप येणार आणि टर्बो ठणठणीत असणार. शिवाय रेल प्रेशरचा कोड आला की कॉम्प्युटर स्वतःहून ताकद कापतो, १५०० च्या वर जात नाही म्हणतोस ते तेच दिसतंय, मग तर बूस्ट पडणारच. उलटं मात्र तेवढं होत नाही. नुसता टर्बो कमजोर असेल तर रेल प्रेशर बसायचं काही कारण नाही, पंप इंजिनवर फिरतो, त्याला हवेशी काय देणंघेणं.

म्हणून तीन गोष्टी सांग, मग पुढचं बोलू. एक, ताकद जाते तेव्हा धूर कसा आहे, काळा की काहीच नाही, आरशात बघ किंवा मागच्या गाडीवाल्याला विचार. दोन, १५७ आणि १०२ मध्ये आधी कुठला आला, स्कॅनर बरा असेल तर कोड पडला त्या क्षणाचे आकडे साठवलेले असतात, आरपीएम, लोड, प्रेशर सगळं, ते काढ. आणि कोड उडवून टाकलेस तर ते आकडेही जातील, म्हणून आधी फोटो काढ मग उडव. तीन, स्कॅनर लावून चढावर न्यायचा, पण तू चालवायची आणि दुसऱ्याने बघायचं. रेलचं मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर दोन्ही शेजारी लावायचं, खाली बूस्ट. इंजिन बंद, चावी ऑन करूनही एकदा आकडे लिहून घे.

वायरमन७७

नानांचं टर्बोबद्दल पटलं, पण एक गोष्ट कुणी धरली नाही. चावी बंद चालू केली की ठीक होतं. माझ्या अनुभवात हे लक्षण वायरिंगचं असतं. गाडी जुनी आहे म्हणजे हार्नेस (वायरींचा जुडगा) कुठेतरी ब्रॅकेटला घासून घासून उघडं पडलेलं असणार, कपलरमध्ये हिरवट गंज, अर्थची लग सैल. त्यात १६८ म्हणजे व्होल्टेज कमीचा कोड पण आहेच. अर्थ खराब असेल तर कॉम्प्युटरला सगळंच वेडंवाकडं दिसतं.

भाऊ हे बघून घ्या: बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर मीटरची एक पिन आणि इंजिन ब्लॉकवर स्वच्छ घासलेल्या जागी दुसरी, मीटर डीसी व्होल्टवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थची केबल किंवा तिचं टोक खराब. ओहमवर ठेवून बघू नका, दोन तारा शिल्लक असलेली केबल पण ओहमवर एकदम पास होते, लोड आला की झोपते. मग इंजिन चालू असताना बॅटरीवर २७.५ ते २८.५ मिळतंय का बघा. आणि सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्टचा सप्लाय मोजा. बऱ्याच गाड्यांत तीन चार सेन्सरना तोच एक ५ व्होल्ट वाटून दिलेला असतो, त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की बाकीचे निर्दोष सेन्सर पण कोड टाकतात. तसं असेल तर एकेक कपलर काढत जायचं, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतं तो चोर.

डिझेल_नाना

वायरमन, अर्थ बघायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण चावी बंद केल्यावर ठीक होतं म्हणजे वायरिंगच, हे मला मान्य नाही. बऱ्याच गाड्यांत ताकद कापलेली असते ती चावी बंद केल्यावरच सुटते, बिघाड कुठलाही असो. आणि दुसरं, डिझेलच्या लाईनीत कुठे काही ओढलं जाऊन आडवं येत असेल तर इंजिन बंद झाल्यावर ओढ संपते आणि ते परत मोकळं होतं. थोडं थांबून चालू करतो म्हणतोय तो, त्या थोडं थांबण्यातच हे होऊ शकतं. आणि ५ व्होल्ट पडलं असतं तर एफएमआय १८ कशाला येईल, ४ आला असता, किंवा सप्लायचाच वेगळा कोड, ३५०९ वगैरे. आकडे येऊ देत.

नवशिक्या_पिकअप

मध्येच घुसतोय सॉरी पण विषय तोच आहे म्हणून इथेच विचारतो. माझी छोटी जुनी डिझेल पिकअप आहे, पी०२९९ येतो, बूस्ट कमी. नाना म्हणतात तसं डिझेलचा कोड काही नाही फक्त हाच एक. काळा धूर मारते आणि पिकअप घेत नाही, शिट्टी पूर्वीसारखी येत नाही, फुस्स असा आवाज येतो. माझा पण टर्बो ठीक असेल का?

तेलकट_हात

@नवशिक्या तुझी केस वेगळी आहे. काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण हवा कमी पडतेय. फुस्स आवाज म्हणजे हवा टर्बोतून निघाली पण इंजिनापर्यंत न पोचता वाटेत सुटतेय. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आणि इंटरकूलरपासून इनटेक, हे सगळे रबरी पाइप आणि क्लिपा बघ. पाइप हाताने दाबून पिळून खालच्या बाजूला बोट फिरव, चीर नेहमी न दिसणाऱ्या बाजूलाच असते. जिथे तेलकट ओलं आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसेल तिथून हवा सुटते, टर्बोतून थोडी तेलाची वाफ येतेच ती तिथे बाहेर पडते. इंटरकूलर पण बघ, जुन्यात टाकीचा जोड सुटतो.

सगळं ठीक असेल तर अॅक्चुएटर, म्हणजे रॉड हलवून टर्बो किती हवा देईल ते ठरवणारा डबा. व्हॅक्यूमवाला असेल तर त्याची बारीक रबरी नळी बघ, टोकाशी तडकते. इंजिन चालू बंद करताना रॉड हलतो का बघ. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ओढलास तर रॉड सरळ एका दमात सरकला पाहिजे आणि तिथेच टिकला पाहिजे. अडखळत सरकतोय म्हणजे टर्बोच्या आतल्या पात्यांवर काजळी बसलीय, रॉड येऊन परत जातोय म्हणजे डायफ्रॅम फाटलाय. आणि प्रेशरवर चालणारा वेस्टगेट (जास्तीचा गॅस टर्बोच्या बाजूने सोडणारी झडप) असेल तर व्हॅक्यूम नाही, हवेचं प्रेशर द्यायचं, उगाच उलटं करून निकाल लावू नकोस.

जुनाट_ट्रक

नाना, आकडे आणलेत. पुतण्याला शेजारी बसवून व्हिडिओच काढला स्क्रीनचा, नेहमीचाच चढ, नेहमीचाच लोड.

चावी ऑन, इंजिन बंद: रेल प्रेशर २-३ बार, बूस्टचा सेन्सर ९७ केपीए (किलोपास्कल, १०० म्हणजे एक बार) आणि बाहेरच्या हवेचा पण ९७.
आयडलिंगला: मागितलं ४०० च्या आसपास, मिळालं तेवढंच, थोडं वरखाली.
चढावर १६०० आरपीएम, पूर्ण पॅडल: मागितलं १३५०, सुरुवातीला मिळालं १३४०-१३५०. मग हळूहळू १२००, ११००, आणि ८५० ला आल्यावर लाईट पेटली. बूस्ट तोपर्यंत २३० केपीए होतं, रेल खाली यायला लागल्यावर थोड्या वेळाने तेही उतरत गेलं आणि ताकद कापल्यावर १६० च्या खाली.

धूर अजिबात नाही, उलट नेहमीपेक्षा साफ. कोड पडल्याच्या क्षणाचे आकडे बघितले तर १५७ आधी, १०२ नंतर. १६८ चा मात्र वेगळ्याच वेळेचा आहे, तिथे आरपीएम १८० दाखवतंय.

वायरमन भाऊ, सेन्सरवर ५.०१ व्होल्ट मिळालं. चालू इंजिनला बॅटरीवर २८.१. अर्थचं सेल्फ मारून बघायचं राहिलंय.

डिझेल_नाना

शाब्बास, असं काम करणारा माणूस असला की सांगायला मजा येते. आता हे आकडेच बोलतायत.

इंजिन बंद असताना रेल प्रेशर जवळजवळ शून्य, म्हणजे सेन्सरचा शून्य बरोबर आहे. जागेवर ५०-८० दाखवत असता तर सेन्सरवर संशय घेतला असता. बूस्टचा आणि बाहेरच्या हवेचा आकडा सारखा, ९७, इंजिन बंद असताना दोघांनाही बाहेरचीच हवा दिसते म्हणून सारखा यायलाच पाहिजे, म्हणजे तोही सेन्सर ठीक. समुद्रसपाटीला १०० च्या आसपास असतं, उंचीवर कमी होत जातं, १००० मीटरला साधारण ९०, तेव्हा कमी दिसलं म्हणून कुणी घाबरू नका. आणि २३० मधून ही ९७ वजा करायची मग खरं बूस्ट कळतं, साधारण १३३ केपीए, म्हणजे सव्वा बारच्या वर. रेल भरलेली असताना टर्बो एवढं देतोय आणि रेल पडल्यावर कमी देतोय. सुटला टर्बो.

आता मुख्य गोष्ट. प्रेशर एकदम कोसळत नाही, हळूहळू उतरतं. आधी पूर्ण मिळतं आणि ओढ चालू राहिली की कमी पडत जातं. वायर सुटली असती तर रेषा कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली आली असती. हे असं उतरणं म्हणजे पंपाला प्यायलाच मिळत नाही. आयडलला डिझेल लागतं किती, चमचाभर, म्हणून तिथे सगळं छान. लोडवर खप वाढला की कमी पडतं. स्ट्रॉ चिमटीत धरून ओढल्यासारखं, हळू प्यायलं तर येतं, जोरात ओढलं तर स्ट्रॉच चिकटते.

पंप आणि नोजल सुटले असं मी म्हणत नाही. गळकं नोजल किंवा रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर फार वाढलं की सोडून देणारा) पण प्रेशर खातो. पण त्यात बहुतेक गरम इंजिन सेल्फला लवकर पकडत नाही, हा त्रास जोडीला येतो, तो तू सांगितला नाहीस. महागाच्या गोष्टी नंतर, आधी फुकटच्या.

पहिलं, टाकीचं झाकण. तसाच प्रॉब्लेम आला की इंजिन चालू ठेवून झाकण उघड. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि ताकद आली तर टाकीचा श्वास बंद आहे, झाकणाचं बारीक भोक साफ कर, संपला विषय.

दुसरं, फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या लाईनीत थोडा पारदर्शक डिझेलचा पाइप टाक आणि रेस देऊन बघ. बुडबुड्यांची रांग दिसली तर हवा पकडतेय. लक्षात ठेव, ही ओढणारी बाजू आहे, इथे बिघाड असला तर बाहेर डिझेल गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. म्हणून खाली जमीन कोरडी आहे म्हणून लाईन ठीक असं समजायचं नाही. सकाळी उशिरा स्टार्ट होणं, हँड प्रायमर मारावा लागणं, हे त्याचं लक्षण.

तिसरं आणि खरं, व्हॅक्यूम मीटर. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये टी टाकून लाव आणि चढावर ने. ओढ वाढत जाताना मीटर चढत गेला तर अडथळा मीटरच्या आधी कुठेतरी. मग मीटर एकेक जोड मागे सरकवत टाकीकडे जायचं, जिथे मीटर एकदम कमी दाखवायला लागेल तिथे आणि त्याच्या पुढच्या जोडामध्ये चोर. किती व्हॅक्यूम चालतो ते गाडीच्या पुस्तकात बघ, प्रत्येक इंजिनचं वेगळं असतं.

मीटर नसेल तर डिझेलचा स्वच्छ कॅन घेऊन त्यातून इंजिनला पाजायचं, टाकी आणि तिची लाईन बायपास. इथे लोक दोन घोळ घालतात. कॅन उंचावर टांगतात, मग डिझेल वजनाने आपोआप खाली येतं आणि कमजोर पंप पण पास होतो. कॅन टाकीच्याच उंचीवर बांध. आणि रिटर्नचा पाइप टाकीकडेच सोडला तर कॅन बघता बघता रिकामा होतो, कारण जळतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल फिरून परत जातं. रिटर्न पण कॅनमध्येच घे, पण मग ते गरम होत जाईल, म्हणून मोठा कॅन घे आणि टेस्ट छोटी ठेव. कॅन केबिनच्या बाहेर, सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधलेला.

आणि एक गोष्ट मोठ्या आवाजात सांगतो. हे सगळं फक्त कमी प्रेशरच्या बाजूला. पंपापासून रेल आणि रेलपासून नोजल, त्या लोखंडी पाइपांचा एकही नट चालू इंजिनला सैल करायचा नाही. जुन्या पंपाच्या गाड्यांवर नट ढिला करून कुठलं सिलेंडर मिस मारतंय ते बघायची सवय असलेले पुष्कळ आहेत, कॉमन रेलला ते चालत नाही. हजार दीड हजार बारची बारीक धार कातडीतून सरळ आत जाते, वरून टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत मांस सडायला लागतं. लागलीच तर दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही, ताबडतोब दवाखान्यात जाऊन डिझेल इंजेक्ट झालंय असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला हात नाही, पुठ्ठा फिरवायचा.

वायरमन७७

ठीक आहे नाना, रेषा हळू उतरतेय म्हणजे वायरिंग नाही, मान्य. १६८ चं मी बघतो, १८० आरपीएम म्हणजे तो सेल्फ मारतानाच पडलेला कोड आहे, चढाशी संबंध नाही.

तेलकट_हात

फिल्टर नवे आहेत, लाईन फुंकून बघितलीय, मग ओढ कुठे अडणार? मला अजून पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल घ्यायचं ते ठरवणारा) वाटतो.

डिझेल_नाना

फुंकून बघितली म्हणजे कुठल्या बाजूने कुठल्या बाजूला फुंकली ते विचार. इंजिनाकडून टाकीकडे फुंकणं म्हणजे डिझेल जातं त्याच्या उलट दिशेने ढकलणं, आणि तेही जोरदार प्रेशरने. अडथळा ओढल्यावर येणारा असेल तर फुंकल्यावर तो बाजूला होतो आणि लाईन साफ दिसते. मीटरिंग व्हॉल्व्ह असू शकतो पण तो काढायच्या आधी कॅन लाव, कॅनवर गाडी चढली तर पंपाच्या अंगाला हात लावायची गरजच नाही. आणि कॅनवरही रेल तशीच उतरली तर मग मी तुझ्याबरोबर आहे, सगळ्या नोजलचं रिटर्न वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन कोण जास्त गळतोय ते बघू, रेलच्या रिलीफ व्हॉल्व्हची रिटर्न नळी काढून बघू, त्यातून थेंबही यायला नको, आणि मग व्हॉल्व्ह.

नवशिक्या_पिकअप

तेलकट दादा, इंटरकूलरच्या खालच्या पाइपला क्लिपजवळ ओलं दिसतंय आणि दाबल्यावर चीर उघडते. टेप मारून बघू का?

तेलकट_हात

टेप टिकत नाही, बूस्ट आला की उडते, आत तेल असतं त्यामुळे चिकटतच नाही. पाइप बदल. आतून कापडाचा थर असलेलाच घे, साधा पाण्याचा रबरी पाइप फुग्यासारखा फुगतो. क्लिपा पण नव्या घाल आणि बसवायच्या आधी दोन्ही तोंडं तेल पुसून कोरडी कर, नाहीतर पाइप सटकतो. मग कोड उडव आणि चालवून बघ, परत आला तर अॅक्चुएटर.

जुनाट_ट्रक

सापडलं.

झाकण उघडून काही फरक नाही. पारदर्शक पाइपात बुडबुडे नाहीत. मग कॅन बांधला टाकीच्या लेव्हलला, तोच लोड, तोच चढ, रेल १३५० मागितलं तर शेवटपर्यंत १३४० च्या खाली आलं नाही, लाईट नाही, कोड नाही. म्हणजे पंप, नोजल, टर्बो सगळे सुटले आणि अडथळा टाकी ते पहिला फिल्टर यामध्ये.

मग ओळखीच्याकडून व्हॅक्यूम मीटर आणला. पहिल्या फिल्टरच्या आधी लावला तरी चढावर चढतच गेला. टाकीतला पिकअप पाइप बाहेर काढला, जाळी साफ, तळाला थोडा गाळ होता तो काढला. म्हणजे राहिला तो चासिसवरून येणारा रबरी पाइप. बाहेरून एकदम चांगला, मऊ, तडा नाही. काढून तोंडाने फुंकलं तर टाकीच्या दिशेने आरामात हवा जाते, आणि इंजिनाच्या दिशेने जोरात ओढलं की बंद! उभा चिरला तर आतला थर बाहेरच्या थरापासून सुटून जिभेसारखा आत लोंबतोय, हळू ओढलं तर बाजूला राहतो आणि जोरात ओढलं की येऊन भोकावर बसतो. नाना तुम्ही चोर न बघता सांगितलात. गॅरेजवाल्याने इंजिनाकडूनच फुंकली होती, विचारून घेतलं.

पाइप बदलला, एअर काढली, लोड घेऊन गेलो, काही नाही. बूस्ट आता २३५ पर्यंत जातंय. दोन शंका आहेत. नवा पाइप टाकताना डिझेलचाच मागितला पण दुकानात जे मिळालं ते घातलंय, कसं ओळखायचं? आणि उरलेले जुने पाइप पण बदलू का, बाहेरून तर चांगले दिसतात.

डिझेल_नाना

बाहेरून तर हा पण चांगलाच दिसत होता.

पाइपावर छापलेलं वाच, डिझेल किंवा फ्युएल आणि त्याचा ग्रेड लिहिलेला असतो. नुसतं पाणी किंवा हवा लिहिलेलं किंवा काहीच न लिहिलेलं असेल तर काढून टाक, ते रबर डिझेलने फुगतं आणि आतून सुटतं. ओढणारी बाजू आहे म्हणून पाइप जाड भिंतीचा पाहिजे, पातळ असला तर नुसत्या ओढीने चपटा होतो आणि परत तुझी तीच कथा. वळणावर तुटकी घडी पडू देऊ नकोस, आणि एक्झॉस्टपासून लांब बांध. त्याच वयाचे बाकीचे रबरी तुकडे असतील तर तेही बदल, रिटर्नचेही, स्वस्त काम आहे. लोखंडी लाईनला हात लावायची गरज नाही.

आणि गाळ सापडला म्हणालास म्हणून, फिल्टर नेहमीपेक्षा लवकर एकदा बदल. टाकी हलवल्याने तळातलं वर आलेलं असतं. पहिल्या फिल्टरच्या खालच्या वाटीतलं पाणी पण सोडत जा, पाण्याने हाय प्रेशर पंप खराब होतो आणि त्याचे बारीक लोखंडी कण पुढे सगळ्या नोजलमध्ये जातात.

वायरमन७७

अभिनंदन भाऊ. पण माझा १६८ अजून शिल्लक आहे, तो विसरू नका, तो वेगळा बिघाड आहे आणि तो एक दिवस स्टार्ट न होऊन सांगेल. सेल्फ मारून अर्थचं माप घेतलंत का?

जुनाट_ट्रक

घेतलं आजच. बॅटरी निगेटिव्ह ते ब्लॉक ०.२ च्या आसपास, म्हणजे ठीक ना? पण सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्या मिळून १७ पर्यंत खाली जातं.

वायरमन७७

अर्थ ठीक आहे. १७ मात्र कमी आहे, थंडीत आणखी पडेल आणि तिथे कॉम्प्युटर पण डुलक्या घेतो, म्हणून तो कोड. २४ व्होल्टच्या गाडीत १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, बेरीज बघून काही कळत नाही. सेल्फ मारताना प्रत्येकीच्या पोलवर वेगळं मोजा. एक १०.५ वर आणि दुसरी ६.५ वर असं दिसलं तर ६.५ वाली गेलेली आहे. पण मोजायच्या आधी दोन्ही पूर्ण चार्ज करा, आणि मधल्या जोडकेबलची टोकं काढून घासून परत बसवा, तिथेच बराच व्होल्ट खाल्ला जातो. एक खराब निघाली तरी दोन्ही बरोबर बदला, जुनी आणि नवी सिरीजला लावली की दोघी सारख्या चार्ज होत नाहीत आणि नवीही लवकर जाते. आणि त्या १२ च्या एका बॅटरीवरून कुणी टेप किंवा लाईट जोडलेली असेल तर ती काढा, जुन्या ट्रकांत हे हमखास सापडतं आणि त्यानेच दोघींमध्ये फरक पडतो.

जुनाट_ट्रक

टेप जोडलेला आहे 😀 खालच्या बॅटरीवरूनच. उद्या वेगवेगळं मोजून टाकतो.